कलमाची पट्टी: ८५ टक्के विरुद्ध ९२ टक्के, फरक खरा धरायचा का? तीन ठिकाणी तीन उत्तरं

मोहाडीकर:

नमस्कार मंडळी. प्रश्न द्राक्षाचा आहे पण अडलंय गणितात, म्हणून इथे टाकतोय.

दिंडोरी तालुक्यात आमची बाग. यंदा एक एकर नवीन केलं, ९ बाय ५ फुटांवर ११० आर जातीची रूट (ज्यावर कलम भरतात ती खालची मुळांची झाडं) लावली आणि सप्टेंबरात कलम भरलं. रूट म्हणावी तशी जाड झाली नव्हती, म्हणून एका रूटवर दोन न भरता एकेकच कलम भरलं. कलम बांधायला आजवर साधी प्लॅस्टिकची पट्टीच वापरत आलो. या वेळी दुकानदाराने ती ताणून बांधायची, आपली आपण चिकटणारी पट्टी गळ्यात मारली. "कलमांची मर निम्म्यावर येते," म्हणाला. भाव ऐकून वडील म्हणाले, एवढ्यात एक फवारणी निघाली असती.

म्हटलं, बोलण्यापेक्षा मोजू. रस्त्याकडच्या ४०० रूट धरल्या आणि महिन्याने वही घेऊन ओळीओळीने फिरलो. डोळा फुटून दोन-तीन पानं धड आली असतील तेच कलम जगलं असं धरलं. नुसता पोंगा येऊन सुकलेली सगळी मेलेल्यात.

साधी पट्टी: २४० पैकी २०४ जगली, म्हणजे ८५ टक्के.
नवी पट्टी: १६० पैकी १४७ जगली, म्हणजे ९१.९ टक्के.

आता गंमत. एक्सेलमध्ये काय-वर्ग कसोटी लावली तर पी (पट्टीत फरक नसताना नुसत्या योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) आला ०.०४०. पुतणी पुण्याला शिकते, तिने आर नावाच्या संगणक प्रोग्रॅममध्ये टाकून सांगितलं, "काका, ०.०५८, फरक सिद्ध होत नाही." (११० आर वर कलम आणि आर मध्येच गणित, म्हणजे घरात दोन आर झाले.) तिसऱ्या ठिकाणी, एका वेबसाइटवर फिशरची कसोटी होती, तिथे ०.०४४. म्हणजे ०.०५ च्या रेषेच्या (त्याखाली आलं तरच फरक खरा धरतात) दोन इकडे, एक तिकडे. एकाच वहीतल्या चार आकड्यांची तीन उत्तरं कशी? आणि मी खरं कुठलं मानू? पुढच्या वर्षी आणखी एकर करायचंय, पट्टी आधीच सांगून ठेवावी लागते.

आकडेमोड:

मोहाडीकर, तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. तुमचं चुकलं नाही, पुतणीचंही नाही. मी गंगापूर रोडला राहते, बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. हा प्रश्न दर बॅचला कुणीतरी विचारायचंच.

एक्सेलने केलं ते असं. वहीतच करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. पट्टीत काही फरकच नाही असं घटकाभर धरा. मग दोन्ही गट एकत्र: ४०० पैकी ३५१ जगली, म्हणजे ०.८७७५. मेलेली ०.१२२५. या दोघांचा गुणाकार ०.१०७५. त्याला (१/२४० + १/१६०) म्हणजे ०.०१०४ ने गुणा, वर्गमूळ काढा: ०.०३३५. नुसत्या नशिबाने दोन टक्केवाऱ्यांत साधारण एवढा हेलकावा येऊ शकतो. तुमचा फरक ०.०६८८. भागाकार २.०५. पट्टी निकामी असती तरी एवढा किंवा याहून मोठा फरक, कुठल्याही बाजूला, १०० पैकी ४ वेळा दिसला असता. तो तुमचा ०.०४०. काय-वर्ग म्हणजे याच २.०५ चा वर्ग, ४.२२. कार्ल पिअरसनने १९०० साली मांडलेली कसोटी, वेगळं काही नाही.

आर ने एक पायरी जास्त केली. कलमं एकेक मोजली जातात, साडेतेरा कलमं मरत नाहीत. पण वरचा हिशोब गुळगुळीत वक्रावर होतो. ही पायऱ्या आणि उताराची विसंगती भरून काढायला येट्सने १९३४ मध्ये सुचवलं की फरकातून थोडं वजा करा. तुमच्या बाबतीत ते थोडं ०.००५२ भरतं. उरले ०.०६३५, भागिले ०.०३३५ म्हणजे १.९०, आणि पी ०.०५८. आर मध्ये दोन बाय दोनच्या तक्त्याला ही सुधारणा न सांगता लागते, बंद करायची तर तसं लिहावं लागतं. पुतणीला विचारा, तिने ते बंद केलं नसणार. माझ्या मते ही सुधारणा गरजेपेक्षा घाबरट आहे. जिथे फरक आहे तिथेही नाही म्हणायला लावते.

फिशरचं तिसरंच. तो वक्र वापरतच नाही. एकूण ४९ मेली आणि १६० ना नवी पट्टी होती हे पक्कं धरायचं. मग ती ४९ मरणं ४०० जागांवर नुसती चिठ्ठ्यांसारखी वाटली गेली असती, तर नव्या पट्टीच्या वाट्याला १३ किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता किती, हे एकेक करून मोजायचं. त्याचं प्रसिद्ध उदाहरण चहाचं आहे: दूध आधी घातलं की नंतर हे चवीवरून ओळखते म्हणणाऱ्या बाईपुढे आठ कप, चार असे, चार तसे. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० त १. लहान आकड्यांना ही कसोटी फार उपयोगी. पण तिथेही दोन्ही बाजू धरायच्या कशा यावर एकमत नाही. वेबसाइटने एका पद्धतीने ०.०४४ दिलं. एकाच बाजूची शक्यता काढून सरळ दुप्पट केलीत तर ०.०५४ येईल. म्हणजे तुम्हाला चौथं उत्तरही मिळालं असतं!

तुमच्या तक्त्यात सगळ्यात लहान अपेक्षित संख्या (पट्टीत फरक नसता तर त्या खान्यात आली असती ती) १९.६ आहे, किमान पाच हवी त्याच्या कितीतरी वर. तेव्हा साधा काय-वर्ग चालतो. मात्र मी तुमच्या जागी असते तर पी बाजूला ठेवून फरकाचा पट्टा, म्हणजे खरा फरक कुठून कुठवर असू शकतो त्याचा अंदाज, काढला असता. साध्या सूत्राने ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.७ ते १३.१ टक्के. न्यूकोम्बच्या १९९८ च्या पद्धतीने ०.३ ते १२.९. टक्केवारी नव्वदीच्या घरात असली की मी ही दुसरी पसंत करते. म्हणजे नवी पट्टी शंभरात जेमतेम एखादं कलम जास्त जगवत असेल किंवा बारा-तेराही. एवढा रुंद पट्टा आहे तुमच्या हातात. ०.०४ की ०.०५८ या वादापेक्षा हे बघा.

निफाडी:

ताई, समजावलं झकास. पण आमच्यासारख्याला ०.०४ काय नि ०.०५८ काय. मोहाडीकर दादा, काडी कोणती भरली ते लिहिलंच नाही तुम्ही. आणि पट्टीचा भाव काय पडला?

मोहाडीकर:

काडी थॉमसन जातीच्या द्राक्षाची, दोन्हीकडे एकाच बागेतली, एकाच दिवशी कापून आणलेली. भाव इथे लिहीत नाही, वडील वाचतील.

ताई, मनापासून आभार. पुतणीला फोन केला, तिने खरंच बंद केलं नव्हतं. एक शंका आहे. दुकानदाराने "मर निम्म्यावर" म्हटलं ते खरंच आलं की! १५ वरून ८.१. मग आपण ७ टक्केच का म्हणतोय?

सातपूर_क्यूसी:

मी एमआयडीसीत क्वालिटीला आहे, दोन लॉटमधल्या रिजेक्शनची तुलना रोजचीच. दादा, एकच गोष्ट तीन तऱ्हांनी बोलता येते आणि विकणारा त्यातली सगळ्यात मोठी दिसणारी उचलतो.

वजाबाकी: ६.९ टक्के जास्त जगली.
मरण्याचं गुणोत्तर: ८.१ भागिले १५ म्हणजे ०.५४, "मर जवळपास निम्म्यावर".
ऑड्स रेशो (जगलेली भागिले मेलेली, या दोन गटांच्या प्रमाणांचं गुणोत्तर): (३६ × १४७) भागिले (१३ × २०४) म्हणजे २. "जगण्याची बाजू दुप्पट!"

तिन्ही त्याच चार आकड्यांतून. पण तिसरं वाक्य ऐकून कुणाला वाटेल की ८५ ची १७० झाली. खिशाचा प्रश्न असेल तर वजाबाकीच धरा. एकरी साडेनऊशे रूट, त्याचे सात टक्के म्हणजे पासष्ट-सहासष्ट नांगे (कलम मेलेल्या रिकाम्या जागा) कमी. ते भरायला लागणारी मजुरी आणि वाया जाणारा हंगाम एका बाजूला, पट्टीचा जादा खर्च दुसऱ्या बाजूला.

पण मला वेगळंच विचारायचंय. २४० आणि १६० असे वाटे कसे पडले? कुठल्या रूटला कुठली पट्टी हे कुणी ठरवलं? आमच्याकडे दोन लॉट वेगळे निघाले की मशीनवर पहिल्या पाळीला कोण होतं हेच आधी बघतात.

निफाडी:

हेच विचारणार होतो! कलम कुणी भरलं? पट्टी काय करेल, काप तिरका गेला तर.

मोहाडीकर:

आता पकडलंत.

आमच्याकडे मामा येतात. माझे नव्हेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. वीस वर्षं आमच्या घरची कलमं तेच भरतात. पाचरीचा काप एका ओढीत घेतात, दुसऱ्यांदा चाकू लावत नाहीत. काडी खाचेत बसली की बोटाने साल चाचपून बघतात. यंदा सोबत भाचा आणला होता, त्याचं दुसरंच वर्ष. हाताला वेग आहे, पण कापाला दोन-तीनदा चाकू फिरवतो.

आणि महागाची पट्टी पोराच्या हातात कशाला द्यायची, म्हणून नवी पट्टी जास्त करून मामांकडे दिली. मीच दिली. वडिलांनी दटावलं होतं, वाया घालवू नका. शेवटी मामा दमले तेव्हा उरलेला रोल भाच्याने संपवला.

वहीत कुठली ओळ कुणाची हे लिहिलेलं आहे, कारण पैसे कलमामागे द्यायचे होते. आत्ता बसून वेगळं काढलं:

मामा, साधी पट्टी: ८० पैकी ७३ जगली (९१.३ टक्के)
मामा, नवी पट्टी: १२० पैकी १११ (९२.५ टक्के)
भाचा, साधी पट्टी: १६० पैकी १३१ (८१.९ टक्के)
भाचा, नवी पट्टी: ४० पैकी ३६ (९० टक्के)

बेरीज तीच येते, २०४ आणि १४७. मला हे बघून जरा गरगरलं.

आकडेमोड:

सातपूरकर, शाबास. मी तीन कसोट्यांचं पुराण सांगत बसले आणि विचारायला हवं होतं ते तुम्ही विचारलंत.

मोहाडीकर, झालंय असं. नव्या पट्टीच्या १६० पैकी १२० कलमं मामांच्या हातची, पाऊण भाग. साध्या पट्टीच्या २४० पैकी मामांची फक्त ८०, तिसरा हिस्सा. तेव्हा तुमचे ८५ आणि ९२ म्हणजे पट्टी आणि पट्टीत मिसळलेला हात. एकाच साध्या पट्टीवर मामा ९१, भाचा ८२. हातातलाच फरक पट्टीच्या नावावर जमा झाला होता.

अशा वेळी १९५९ ची मँटेल आणि हेन्झेल यांची पद्धत वापरतात. तुलना प्रत्येक हाताच्या आत करायची, मग दोन्हींची वजनदार सरासरी. मामांचा गट: ८० × १२० ÷ २०० = ४८ वजन, फरक १.२५. भाच्याचा गट: १६० × ४० ÷ २०० = ३२ वजन, फरक ८.१२५. म्हणून (४८ × १.२५ + ३२ × ८.१२५) ÷ ८० = ४.

सहा-सात टक्क्यांचे चार झाले. आणि पट्टा जवळपास उणे २.४ ते अधिक १०.४, म्हणजे शून्य आता आत आलं. पी ०.२६, तोही येट्ससारखी काही सुधारणा न घालता. ज्या ०.०४ आणि ०.०५८ वर आपण भांडत होतो, ते दोन्ही आकडे चुकीच्या प्रश्नाची उत्तरं होती.

बाकी अजून काही लपलेलं असू शकतं. मामांच्या ओळी सलग असतील तर तिथली जमीन, ठिबकचं पाणी, ऊन. मोजणी तुम्हीच केलीत आणि कुठल्या कलमाला कुठली पट्टी हे तुम्हाला दिसत होतं, हेही. त्यावर आता मागे जाऊन इलाज नाही.

निफाडी:

म्हणजे दुकानदार खोटं बोलला नाही, पट्टीही वाईट नाही, फक्त मामा चांगले! 😄

मोहाडीकर:

मामांना अजून सांगितलं नाही, पुढच्या वर्षी दर वाढवतील.

पण ताई, एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मामांना पट्टीने फरक पडत नाही, ते सुतळीने बांधतील तरी जगेल. भाच्याचं मात्र ८२ वरून ९० झालं. मग असं म्हणता येईल ना, की हात कच्चा असेल तर नवी पट्टी फायद्याची? पट्टी ताणून बसते, काप जरा ओबडधोबड असला तरी दाबून धरते, हवा लागू देत नाही. पटण्यासारखं आहे.

आकडेमोड:

पटण्यासारखं आहे म्हणूनच जपून. भाच्याची नवी पट्टी फक्त ४० कलमांना होती. त्याच्या ८.१ टक्क्यांचा पट्टा उणे ३ ते अधिक १९. त्यातही ती ४० कलमं शेवटी भरलेली, म्हणजे तोवर त्याचा हात थोडा बसलेला. आकडे पाहिल्यावर सुचलेली गोष्ट त्याच आकड्यांनी सिद्ध करायची नसते. शंका म्हणून ठेवा आणि पुढच्या हंगामात तिचीच परीक्षा घ्या.

परीक्षा कशी? कुठल्या कलमाला कुठली पट्टी ते चिठ्ठी ठरवेल, तुम्ही नाही. फिशर १९१९ पासून रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात होते, येट्स १९३१ ला तिथेच आले. शेताच्या तुकड्यांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग करायची ही सगळी शिस्त तिथे रुजली. आपल्या बांधावरचीच विद्या आहे ही, लॅबची नाही. प्रत्येक माणसाला दोन्ही पट्ट्या निम्म्या-निम्म्या. ओळीत खांब ते खांब जेवढ्या रूट येतात त्यातल्या अर्ध्यांना ही, अर्ध्यांना ती, कुठल्या ते चिठ्ठीने. आणि महिन्याने मोजायला अशा माणसाला पाठवा ज्याला हे ठाऊक नाही.

सातपूर_क्यूसी:

भर घालतो. रूट जाड असेल आणि दोन काड्यांवर कलम भरणार असाल तर एकाच रूटवर एक ही, एक ती. मग माती-पाणी-माणूस सगळं एकच. पण त्याला वरच्या कसोट्या चालणार नाहीत, कारण दोन गट स्वतंत्र राहत नाहीत, जोड्या होतात. तिथे मॅकनेमार, १९४७ ची. जिथे दोन्ही जगली किंवा दोन्ही मेली त्या रूट सोडून द्यायच्या. समजा ३० रूटवर एकच जगलं, त्यात २१ दा नवी, ९ दा साधी. फरक १२, त्याचा वर्ग १४४, भागिले ३० म्हणजे ४.८. ३.८४ (पी च्या ०.०५ रेषेशी जुळणारा आकडा) च्या वर गेलं की दखल घ्यायची.

निफाडी:

क्यूसी साहेब, कागदावर ठीक. पण एका रूटवर दोन कलमं असली आणि एक जोरात निघालं की दुसरं दबतं. मग ते पट्टीने मेलं की जुळ्या भावाने मारलं?

सातपूर_क्यूसी:

हे मला माहीत नव्हतं. मग जोडी नको. ताईंची चिठ्ठीच बरी.

मोहाडीकर:

पटलं. मग किती रूट लागतील ते सांगा.

आकडेमोड:

८५ चे ९० होतात का एवढं ओळखायचं असेल, आणि फरक खरा असल्यास तो पाचातून चारदा सापडावा असं हवं असेल, तर प्रत्येक पट्टीला ६८६. दोन्ही मिळून १३७२.

मोहाडीकर:

ताई, एकरात साडेनऊशे बसतात!

निफाडी:

माझ्याकडे जानेवारीत दीड एकर रूट लागतेय. सप्टेंबरात माझी आणि दादांची मिळून बघू, गाव वेगळं म्हणून गट वेगळा धरायचा, ताई हिशोब करतील. पट्टीचा खर्च अर्धा-अर्धा. अट एकच, मामा माझ्याकडेही येतील.

मोहाडीकर:

कबूल. काल मामांना चिठ्ठ्यांचं सांगितलं. म्हणाले, "चिठ्ठ्या खुशाल टाका, पण डब्यातून हात घालून काढणार मी, तुझा बाप नाही."